आपलं रेडिओ केंद्र, तयार केंद्रावरची वेळ की पॉडकास्ट? नाशिकच्या युवा गटांसाठी

गटाचा कार्यक्रम लोकांपर्यंत न्यायचे तीन मार्ग आहेत: स्वतःचं रेडिओ केंद्र, आधीच चालू असलेल्या केंद्रावर ठरलेली वेळ, किंवा पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवर टाकलेला ध्वनिमुद्रित कार्यक्रम. आधी स्वतःच्या केंद्राच्या परवान्याचं बघा. सामुदायिक रेडिओचा, म्हणजे आपल्या परिसरापुरत्या, नफ्याविना चालणाऱ्या केंद्राचा परवाना व्यक्तीला, राजकीय पक्षाला किंवा नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला मिळत नाही. २००२ मध्ये तो फक्त शिक्षणसंस्थांना खुला झाला, २००६ पासून सेवाभावी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही. गेल्या वर्षीच नोंदवलेलं युवा मंडळ मात्र त्यासाठी फार नवं ठरतं. महाविद्यालय पाठीशी असेल तरच स्वतःच्या केंद्राचा विचार करा.

तिथेही मर्यादा आहेत. प्रक्षेपणाची ताकद सहसा १०० वॅट, मनोरा ३० मीटरपर्यंत, म्हणजे आवाज साधारण दहा किलोमीटर. गंगापूर रोडवरून सातपूर, सिडको, पंचवटीपर्यंत पोहोचता येईल. त्र्यंबक मात्र लांबही आहे आणि डोंगराआडही, एफएमच्या लहरी तिथे वळून जात नाहीत. बातम्या आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा द्याव्या लागतात. केंद्रं अडखळतात ती बहुधा यंत्रामुळे नाही, तर मार्च-एप्रिलमध्ये: मुलं परीक्षेला बसतात आणि रोजचे तास रिकामे राहतात.

पॉडकास्टला परवाना लागत नाही, मोबाइलवर काम होतं. बोलण्याला पुरेशा साध्या प्रतीत (६४ केबीपीएस, मोनो) वीस मिनिटांचा भाग जेमतेम दहा एमबी. पण तो शोधून ऐकावा लागतो. गोठ्यात किंवा टपरीवर चालू असलेल्या रेडिओतून तो आपोआप कानावर पडत नाही. दहावी सोडलेल्या मुलापर्यंत पोहोचायचं असेल, तर हा फरक फार मोठा आहे.

म्हणून आमचा कौल तयार केंद्रावरच्या वेळेला. शहरात रेडिओ विश्वास हे सामुदायिक केंद्र ९०.८ एफएमवर आहे. नुसती कल्पना घेऊन जाऊ नका, पूर्ण झालेला एक भाग घेऊन जा. आठवड्याचा वार, पुनःप्रसारण आणि ध्वनिमुद्रणाची मालकी लेखी ठरवा. मालकी तुमच्याकडे राहिली तर तोच भाग पॉडकास्ट म्हणूनही टाकता येतो. चित्रपटगीत पार्श्वभूमीला लावू नका, हक्कांचा प्रश्न येतो. अठराखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या.

पहिल्या भागातले दोष ठरलेले असतात: पंख्याची घरघर आणि रिकाम्या वर्गातला घुमारा. पंखा बंद करा, भिंतीला गोधडी टांगा, माइक तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित तिरका धरा, म्हणजे ‘प’, ‘फ’ फुटत नाहीत. मोबाइल विमान मोडवर ठेवा. वीस मिनिटांसाठी चाळीस मिनिटं ध्वनिमुद्रण पुरतं. त्याहून जास्त केलं की संपादन करणारा मुलगा तिसऱ्या आठवड्यात गळतो, म्हणून संपादनाला सुरुवातीपासून दोघे बसवा.