रांगोळीचा नकाशा, पुठ्ठ्याचा डोंगर की रंगवलेली भिंत?

ओढा बुजत चाललाय, गायरान आक्रसतंय, विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवतात. यावर गावाला चित्रांतून बोलतं करायचं ठरलं, की बहुतेकांना आधी भिंत आठवते. माझ्या मते ती सगळ्यात शेवटी यावी.

शिवारफेरी करून आलात की शाळेच्या पटांगणात रांगोळी, राख, विटेची पूड घेऊन शिवार काढायला बसा. खर्च जवळपास नाही आणि चुकलेली रेघ तळहाताने पुसता येते. एकीने ओढा सरळ काढला की दुसरी म्हणते, "अगं, तिथं वळण होतं, खडकाच्या पलीकडून पाणी जायचं." हा वाद ऐकायलाच तर आपण आलेलो असतो. विहिरीला जितके महिने पाणी, तितके चिंचोके तिच्याशेजारी ठेवायला सांगा. रांगोळी बायकांच्या हातातली, त्यामुळे ग्रामसभेत मागे बसणाऱ्याही इथे पुढे सरकतात. पण पुरुष भोवती उभे राहून सूचना करू लागले की बायकांचे हात थांबतात. म्हणून बायकांचा नकाशा वेगळा काढून घ्याच. सरपणाच्या वाटा आणि आटलेले झरे त्यातच सापडतात. पोरं खेळायला येण्याआधी तो कागदावर उतरवायला मात्र विसरू नका.

रांगोळीत उतार दिसत नाही. वरच्या वाडीचं पाणी खाली कुठे मुरतं, बंधारा कुठे हवा, असा प्रश्न असेल तर पुठ्ठ्याची प्रतिकृती करा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर १,००० हेक्टरचं गाव जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर भरतं. ते १:२,५०० वर नेलं की सव्वा मीटर होतं आणि दर २० मीटर उंचीला पडणाऱ्या प्रत्येक समोच्च रेषेला (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ) ८ मिलिमीटर जाडीचा थर लागतो. नकाशा मोठा केल्याने तपशील वाढत नाही, तो माणसांनी आठवणीतून भरायचा. केनियातल्या ओगिएक लोकांनी २००६ साली माउ जंगलाची अशी प्रतिकृती १:१०,००० प्रमाणात उभी केली. सपाट गावात मात्र दोन-तीनच रेषा पडतात; तिथे हा खटाटोप करू नका. आणि देवराईतली औषधी झाडं, मधाच्या जागा प्रतिकृतीवर दाखवायच्या की नाही, हे आधी गावाला विचारा. एकदा दाखवलेली जागा कुणालाही दिसते.

भिंत टिकते, येता-जाता दिसते, आणि तीच तिची अडचण. वाद मिटण्याआधी रंगवली तर एका बाजूचं म्हणणं पक्कं होऊन बसतं. शिवाय चित्रकार रंगवतो आणि गाव नुसतं बघतं. त्यात हल्ली कुठल्याही जिल्ह्यात वारली आकृत्या काढतात, ते मला खटकतं. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांची ती परंपरा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी तिला विधीबाहेर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. डहाणू-तलासरीच्या पाड्यांत ती घरची आहे. तुमच्या गावाकडे गोधडीचे टाके असतील, पोळ्याला बैलांवर उठवलेले ठसे असतील. तिथून सुरुवात करा.

एकच दिवस हाताशी असेल तर रांगोळी. गाव डोंगराळ आणि आठवडाभर माणसं जमणार असतील तर तिच्यानंतर प्रतिकृती. भिंत ग्रामसभेचा ठराव झाल्यावर, तीही एक पट्टा कोरा सोडून. दर दिवाळीनंतर विहिरीत दोर सोडायचा, आणि पाणी किती हातांवर लागलं त्याची रेघ गावातल्याच कुणीतरी तिथे ओढायची.