जुन्या गाडीचा रंग: घरी घासायचा, डब्यातून फवारायचा की पेंटरकडे द्यायचा?

गाडी दहा-बारा वर्षांची, छोटी हॅचबॅक, कायम उघड्यावर उभी. विकायला काढली तर दीड-दोन लाख येतील. रंग विटलाय, टपावर पांढुरकी झाक आलीय, दारांवर ओरखडे आहेत. पूर्ण रंगकामाचे गॅरेजवाला 35-40 हजार सांगतो. एवढ्या किमतीच्या गाडीवर एवढा खर्च कोणालाच परवडणारा नाही, म्हणून मग घरच्या घरी काय होईल याचा शोध सुरू होतो. घरी बरंच काही होतं. पण ‘घरी केलं म्हणजे स्वस्त’ हे प्रत्येक कामाला लागू पडत नाही, आणि एका ठिकाणी तर ते साफ उलटं आहे.

आधी गाडी ओली करा

कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ. घासून जी चमक येते ती या थरातून थोडं खरवडूनच येते. दर वर्षी उत्साहाने रबिंग करणारे लोक आपल्याच गाडीचं कवच संपवत असतात.

गाडी धुऊन ओली असतानाच नीट बघा. पाण्याखाली जो ओरखडा किंवा मळकटपणा दिसेनासा होतो, तो वरच्या थरातच आहे आणि घासून जाईल. ज्या चऱ्यात नख अडकतं, तो घासून जाणार नाही. पोपडे सुटल्यासारखे पांढरे डाग असतील, बहुधा बॉनेट आणि टपावर, तर तिथला क्लिअर कोट मेला आहे. जगातलं कुठलंही पॉलिश तो परत आणत नाही. आणि दाराच्या खालच्या कडेला रंग फुगला असेल तर आतून गंज आहे. कोकणातल्या गाड्यांना हे हमखास होतं. तो पत्र्याचा प्रश्न आहे, रंगाचा नाही.

हाताने की मशीनने

मळकटपणा आणि बारीक ओरखडे एवढंच असेल तर रबिंग कंपाउंडची, म्हणजे घासायच्या पेस्टची, ट्यूब, मेणाचं पॉलिश आणि तीन-चार मायक्रोफायबर कापडं, हे हजार-बाराशेत बसतं. चिकणमातीसारखा क्ले बार मिळतो, तो जमल्यास घ्या. बोअरच्या पाण्याचे डाग आणि झाडाचा चीक त्याने निघतो आणि कंपाउंड कमी लागतं. हाताने एका दाराला अर्धा-पाऊण तास धरा. खांदे दुखतात, पण रंग जाळण्याची भीती जवळपास नाही.

ड्युअल-ॲक्शन पॉलिशर चार हजारांच्या पुढे मिळतो. त्याचा पॅड गोल फिरता फिरता डुलतोही, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. काम हातापेक्षा चांगलं आणि एकसारखं होतं. एकाच गाडीसाठी मात्र मी तो घेणार नाही. सोसायटीतल्या तिघा-चौघांनी मिळून घेतला तर ठीक. घरातल्या ड्रिलला किंवा ग्राइंडरला स्पंज लावून घासण्याचा स्वस्त मार्ग टाळा. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो आणि तिथे काही सेकंदांत प्रायमर उघडा पडतो.

हात असो वा मशीन, काम सावलीत आणि थंड पत्र्यावर करायचं. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर आधी मास्किंग टेप लावा, नाहीतर त्यांत बसलेलं पांढरं कंपाउंड महिनोन्महिने निघत नाही. घासताना कापडाला गाडीचा रंग लागला तर थांबा. जुन्या साध्या पांढऱ्या किंवा लाल गाड्यांवर कधी कधी क्लिअर कोट नसतोच, त्यांच्या बाबतीत ते स्वाभाविक आहे. मेटॅलिक गाडीवर मात्र त्याचा अर्थ क्लिअर कोट संपला असा आहे.

वॉशिंग सेंटरवर पाचशे-सातशेत होणारी ‘रबिंग-पॉलिश’ यात कुठे बसते? बरेचदा ते चकचकीत करणारं, ओरखडे बुजवणारं द्रव्य असतं. दोन-तीन धुण्यांत ओरखडे पुन्हा हजर. गाडी पुढच्या रविवारी विकायचीच असेल तर भाग वेगळा. खोबरेल तेलाबद्दल विचारूच नका, ते फक्त धूळ गोळा करतं.

स्प्रे कॅन की पेंटर

खरी फसगत इथे होते. बॉनेटचा क्लिअर कोट उडालाय म्हणून माणूस प्रायमर, रंग आणि क्लिअर असे तीन डबे आणतो. त्यांचे दीड हजार, वॉटर पेपर, टेप, मास्क धरून दोन हजारांवर जातात. शहरातला साधा डेंटिंग-पेंटिंगवाला एका पॅनेलचे अडीच ते साडेतीन हजार घेतो. म्हणजे वाचले हजारभर रुपये, आणि बदल्यात काय मिळालं? साध्या डब्यातल्या क्लिअरमध्ये हार्डनर (थर कडक करणारं रसायन) नसतो, पेट्रोलचा थेंब सांडला तरी तो मऊ पडतो. मेटॅलिक रंगातले कण हाताच्या फवाऱ्याने एकसारखे बसत नाहीत, चट्टे दिसतात. पार्किंगमध्ये उडालेला फवारा शेजाऱ्याच्या काचेवर बसतो, आणि त्याचं भांडण वेगळं. शेवटी पेंटरकडे जावंच लागलं तर तो आधी तुमचा थर उतरवायचे पैसे लावतो, कारण त्यावर हार्डनरवाला रंग मारला तर खालचा थर सुरकुततो.

हार्डनर असलेला टू-के डबाही मिळतो. तो टिकतो, पण त्यातलं आयसोसायनेट हे रसायन फुफ्फुसांना घातक आहे. कापडी मास्कवर ते काम करू नये, बंद गॅरेजमध्ये तर नाहीच.

स्प्रे कॅन निरुपयोगी आहे असं नाही. वायपरचे दांडे, लोखंडी चाकं, बंपरची खालची काळी कडा यांना तो झकास. दगड लागून उडालेल्या टिकल्यांना रंगाच्या कोडप्रमाणे (कंपनीने त्या रंगाला दिलेल्या क्रमांकाप्रमाणे) टच-अपची बाटली घ्या आणि टूथपिकच्या टोकाने थेंब थेंब भरा. जवळून डाग दिसतोच, पण पत्रा झाकला जातो आणि गंज थांबतो, तेवढंच त्याचं काम.

विम्यातून करून घेण्याचा विचार असेल तर उन्हाने विटलेला रंग क्लेममध्ये येत नाही, अपघातात खराब झालेला येतो. पण एका दारासाठी क्लेम केला की नो-क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि तो पाच वर्षांत 50 टक्क्यांवर गेलेला असू शकतो. आधी हप्त्यातला फरक विचारा, मग फॉर्म भरा.

मी काय निवडेन

दारं आणि मडगार्ड घरी हाताने. टप आणि बॉनेटचे पोपडे सुटले असतील तर फक्त ते दोन पेंटरला. सगळं मिळून सात-आठ हजारांत गाडी पुन्हा बघण्यासारखी होते. पेंटरला तीन गोष्टी विचारा: क्लिअर हार्डनरवाला आहे का, मॅचिंग कोडवरून की नजरेने, आणि लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) किती भरणार. जाड लांबी दोन पावसाळ्यांत तडकते. जून ते सप्टेंबर रंगकाम टाळा, दमट हवेत क्लिअर दुधाळ होतो. लाल गाडी काळी करायची हौस असेल तर रंगाची नोंद आरसीत असते, ती आरटीओत बदलून घ्यावी लागते.