ओटा ठरत नाही तेव्हा: गुणांचा तक्ता की जमिनीवरची आखणी?

फोनमध्ये स्वयंपाकघरांचे तीनशे फोटो जमलेत, एल आणि यू आकाराच्या ओट्यांतला फरक घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ झालाय, आणि तरी प्लाय घ्यायला नागपूरच्या लाकूडबाजारात, लकडगंजला जाणं पुन्हा पुढच्या रविवारवर गेलंय. या टप्प्यावर आणखी फोटो पाहून गाठ सुटत नाही. जमलेलं चाळायला चाळणी लागते, आणि घरच्या घरी करता येतील अशा चाळण्या दोन: एक्सेलमधला गुणांचा तक्ता, किंवा स्वयंपाकघराच्या जमिनीवर खऱ्या मापाची आखणी. मी दोन्ही वापरल्या आहेत, आणि ओट्याच्या मांडणीसाठी माझा कल आखणीकडे आहे. कुणाला तक्ता जास्त मानवेल, हेही शक्य आहे.

तक्त्याची रीत जुनी आहे. अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिननं १७७२ साली शास्त्रज्ञ मित्र जोसेफ प्रिस्टलीला पत्रातून सुचवली ती अशी: कागदाचे दोन भाग करायचे, बाजूचं एकीकडे, विरुद्धचं दुसरीकडे, तीन-चार दिवस सुचेल ते लिहीत राहायचं आणि सारख्या वजनाच्या बाबी समोरासमोर खोडायच्या. आज आपण निकषांना त्यांच्या महत्त्वानुसार मिळून १०० भार देतो, प्रत्येक पर्यायाला पाचपैकी गुण देतो, गुणाकार करून बेरीज घेतो. निकष सहाच्या वर नेऊ नका. भार आधी ठरवा, पर्यायांची नावं नंतर लिहा; नाहीतर आवडता पर्याय जिंकेपर्यंत भार हलवले जातात आणि हलवणाऱ्याला ते कळतही नाही. ‘उजेड’, ‘खिडकीपाशी सिंक’ आणि ‘मोकळं वाटणं’ असे तीन निकष असतील तर एकाच खिडकीला तिनदा गुण मिळतात. आणि ५०० पैकी दहा-पंधरा गुणांच्या फरकाला फरक मानू नका. १५ भाराच्या एखाद्या निकषात तिनाऐवजी चार दिले की तेवढा फरक सहज पडतो.

ग्रॅनाईट की क्वार्ट्झ, दोन सुतारांच्या कोटेशनपैकी कुठलं, प्लाय ३०३ प्रतीचा (साधा) की ७१० प्रतीचा (पाण्याला जास्त टिकणारा), असल्या प्रश्नांना तक्ताच बरा. तिथे अंगाला काही जाणवायचं नसतं.

पण ओट्याची मांडणी ठरवताना तक्त्याची एक गोष्ट फार छळते: तो बंद होत नाही. रात्री मावसबहीण एक फोटो पाठवते, त्यात कोपऱ्यातली फिरती ट्रॉली असते, आणि सकाळी तक्त्यात नवा रकाना उघडतो. रकाना आला की भार पुन्हा १०० वर आणायचे, भार बदलले की आधीच्या सगळ्या बेरजा बदलतात, काल पहिला आलेला पर्याय आज तिसरा येतो. मग आणखी माहिती हवीशी वाटते आणि आपण पुन्हा फोटोंकडे वळतो. ज्या दुखण्यावर तक्ता काढला, तेच तक्त्यानं वाढतं. माझा कल इथेच आखणीकडे फिरला.

जमिनीवर नवा रकाना फुकट मिळत नाही. त्यासाठी गुडघे टेकून पट्ट्या उचलाव्या लागतात, आणि बहुतेक फोटो तेवढ्या लायकीचे नसतात.

आखणीसाठी तीनच मांडण्या निवडा, एका संध्याकाळी एक. चकचकीत टाइल्सवर खडू उमटत नाही, तिथे मास्किंग टेप लावा. कोटा फरशीवर किंवा नुसत्या कोब्यावर खडू बरा. फरशी पुसून पूर्ण वाळू द्या, धुळीवर टेप धरत नाही. ओट्याची खोली २४ इंच धरा. फ्रिजच्या बिजागरीच्या जागी सुतळी धरून, दाराच्या रुंदीइतक्या अंतरावर खडू बांधा आणि दार फिरेल तेवढी कमान काढा; टाइल्सवर ती टेपच्या तुकड्यांनी दाखवा. सगळ्यात मोठी चूक इथे होते: पट्टीला उंची नसते, त्यामुळे पाय नकळत रेषेच्या आत जातो आणि अरुंद जागा ऐसपैस वाटते. म्हणून रेषेवर रिकामी खोकी मांडा, निदान कोपऱ्यांवर तरी.

मग रोजचा स्वयंपाक कोरडाच करून बघा: डाळ-तांदूळ काढणं, धुणं, कुकर, फोडणी, पोळ्या, भांडी. घरात दोघं स्वयंपाक करत असतील तर दोघांनी. ओट्यांमधली वाट ३६ इंच ठेवली आणि ट्रॉली २० इंच बाहेर आली, तर उभं राहायला १६ उरतात. त्यात वाकून खालचा डबा निघत नाही. ४८ इंचांत हाच प्रश्न उरत नाही. उंचीसाठी टेबलावर पाट आणि जाड वह्या रचून आधी ३२, मग ३४ इंचांवर दहा मिनिटं कणीक मळा. खांदे उचलले गेले तर ओटा उंच, कंबर भरून आली तर बुटका.

नागपुरात आणखी एक गोष्ट तक्ता सांगत नाही: कुलर. फोटोंतल्या घरांत तो नसतोच. इथे होळीपासून पाऊस पडेपर्यंत तो खिडकीत बसतो. खिडकी ते शेगडी एक दोरी सरळ ताणून बघा. शेगडी त्या झोतात येत असेल तर ज्योत आडवी होईल, कुकरची शिट्टी लांबेल, आणि एप्रिलमध्ये स्वयंपाकाच्या वेळी कुलर बंद करावा लागेल. या एका दोरीनं छान दिसणाऱ्या मांडण्या बाद होतात.

अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५६ साली मांडलं की माणूस सर्वोत्तम शोधत बसण्यापेक्षा पुरेसं चांगलं मिळाल्यावर थांबतो. आखणीत तसं थांबता येतं. तीन अटी आधी लिहून भिंतीवर चिकटवा: ट्रॉली उघडी असताना मागून माणूस जावा, शेगडी झोतात नसावी, सिंक आणि शेगडीच्या मध्ये निदान दोन फूट ओटा मोकळा राहावा. तिन्ही पाळणारी पहिली मांडणी घ्या.

फ्लॅटचा ताबा मिळाला नसेल तर संध्याकाळी गच्चीवर आखा, प्लॉट असेल तर फक्कीनं. तेही जमत नसेल तर तक्ता करा, फक्त रकाने तिथेच गोठवा.

टेप आठवड्याच्या आत काढावी, उन्हाळ्यात डिंक फरशीला धरून बसतो. राहिलाच तर खोबरेल तेल चोळून निघतो. मात्र निवडलेल्या मांडणीच्या पट्ट्या सुतार येईपर्यंत राहू द्या. त्याला माप कागदावरून घेऊ देऊ नका, पट्टीवरून घ्यायला लावा, आणि भिंतीला टाइल्स लागायच्या असतील तर त्यांची जाडी त्यातून वजा करायला सांगा.