केरळचे सत्त्याण्णव हजार

माझ्याकडे लाल पुठ्ठ्याची एक वही आहे. दुधाच्या हिशेबापासून विम्याच्या हप्त्यापर्यंत घरातला सगळा खर्च तिच्यात लिहिते. ह्यांचा पगार नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतला, माझा एका खासगी शाळेच्या ऑफिसातला. दोन्ही मिळून महिन्याला साठ हजारांच्या आत-बाहेर. घराचा हप्ता, दोन मुलांची शाळा आणि सासूबाईंची औषधं गेल्यावर जे उरतं त्यातून मी नोव्हेंबर २०२२ मध्ये बँकेत तीन हजारांची आरडी उघडली, तीस महिन्यांची. वहीत तिच्यासाठी वेगळं पान होतं आणि वर नाव होतं ‘केरळ’.

फसतात ते हिशेब न ठेवणारे, अशी माझी समजूत होती. आम्ही मात्र फसलो ते हिशेब ठेवल्यामुळेच, आणि तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले आहे. आमच्या त्रिमूर्तीनगरच्या गल्लीत गेल्या महिन्यात आणखी दोन घरी तसाच, हॉलिडे क्लबवाल्यांचा फोन येऊन गेला.

आरडी मे २०२५ मध्ये पूर्ण झाली. व्याजासकट सत्त्याण्णव हजारांच्या आसपास रक्कम बचत खात्यात आली आणि तिथेच पडून राहिली. जायचं होतं दिवाळीच्या सुट्टीत. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता यायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणजे तिकिटं ऑगस्टच्या शेवटी काढायची. तोवर तीन महिने पैशाला काही काम नाही. तेव्हाच ते दोन महिन्यांच्या एफडीत टाकले असते तर फसलो त्या दिवशी हातात कार्ड असूनही खात्यात रक्कम नसती. हे आज सुचतंय.

एप्रिलमध्ये एका मॉलच्या दारात मुलीने कूपन भरलं होतं. नाव, मोबाइल नंबर, आई-वडिलांचं वय, गाडी आहे का, क्रेडिट कार्ड आहे का. बक्षीस म्हणून कार मिळणार होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. ‘अभिनंदन मॅडम, कार नाही लागली, पण तुमचं कपल निवडलं गेलंय. तीन रात्री, चार दिवसांचं हॉलिडे व्हाउचर अन् एक गिफ्ट. रविवारी चार वाजता वर्धा रोडच्या हॉटेलात या. दोघांनी सोबतच यायचं, अन् ओळखपत्र म्हणून कार्डं आणा.’ ओळख पटवायला आधार लागतं, क्रेडिट कार्ड नाही, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. दोघांना सोबत बोलावतात त्याचंही कारण नंतर कळलं. एकटा माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून सुटतो. दोघं शेजारी बसली की विचारायला घरी कोणी उरत नाही.

आमच्या घरी मात्र सासूबाई होत्या. निघताना त्या म्हणाल्या, ‘फुकट कोनी वांगं देत नाही बाप्पा, अन् थो हाटेल कशी देते?’ आम्ही हसलो आणि निघालो.

मे महिन्यातला रविवार, दुपारचे चार, पारा पंचेचाळिशीला टेकलेला. हॉलमध्ये शिरलो तर असा गारवा की घरच्या कूलरची लाज वाटावी. पन्हं दिलं, सामोसे दिले. पंधरा-वीस गोल टेबलं, प्रत्येकावर एक जोडपं आणि समोर एक तरतरीत मुलगा. गाणी इतकी मोठ्याने की नवरा-बायकोला आपसात कुजबुजता येऊ नये. दर दहा-बारा मिनिटांनी माइकवर कोणाचं तरी नाव पुकारायचे, ‘आपल्या परिवारात स्वागत!’, टाळ्या, फुगा फुटायचा. ह्यांचं म्हणणं आहे की निळ्या शर्टवाल्या एका माणसाचं स्वागत दोनदा झालं. मला आठवत नाही. मी कागदाकडे बघत होते.

आमच्या टेबलावरचा मुलगा पंचविशीचा असेल. मला ताई म्हणत होता, ह्यांना दादा. आपणही विदर्भातलाच आहे असं म्हणाला. विकायचं काहीच नाव नाही. सुट्टीत कुठे जाता, मुलांना डोंगर आवडतो की समुद्र, मागच्या ट्रिपला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला, एवढंच. मग सहज विचारल्यासारखं, ‘ताई, फिरण्यासाठी वेगळी बचत करता की ऐन वेळेस जमवता?’

ह्या प्रश्नावर मी फुलले. अडीच वर्षांत एकही हप्ता चुकला नव्हता आणि आजवर ते कोणी विचारलंही नव्हतं. मी आरडीचं सांगितलं, तीन हजारांचं सांगितलं, ती नुकतीच पूर्ण झाल्याचंही सांगितलं. ह्यांनी टेबलाखालून पायाने खुणावलं, पण तोवर सांगून झालं होतं.

त्याने कोरा कागद घेतला आणि आमच्या दिशेने तोंड करून, म्हणजे स्वतःकडून उलटे, आकडे लिहायला लागला. आम्हाला सरळ दिसावेत म्हणून. एकही आकडा वाकडा नाही. शेकडो वेळा लिहिल्याशिवाय हात असा बसत नाही. ‘महिन्याला तीन हजार म्हणजे वर्षाला छत्तीस हजार. हा तुमचाच आकडा आहे ताई, माझा नाही. महागाई दहा टक्के धरा. दहा वर्षांचे किती?’ कॅल्क्युलेटर माझ्या हातात दिला. बेरीज मीच केली, ५ लाख ७३ हजारांच्या वर आली. त्याने त्याभोवती गोल काढला. मग दुसरा आकडा, हॉलिडे क्लबचं दहा वर्षांचं सदस्यत्व, दरवर्षी सहा रात्री, देशभर कुठेही, किंमत २ लाख ४० हजार. आमचे चेहरे पाहून तो ‘सरां’ना घेऊन आला. सरांनी फोनवर कोणाला तरी विचारल्यासारखं केलं आणि आकडा खोडून लिहिला, १ लाख १० हजार. फक्त आज, हॉलमधून बाहेर पडेपर्यंत.

ह्या हिशेबात चूक कुठे होती ते माझ्याच वहीत, घरी कपाटात पडलेलं होतं. केरळच्या पानावर मी मांडलं होतं, रेल्वे १६ हजार, गाडी २२ हजार, राहणं २४, हाऊसबोट ९, जेवणखाण १४, किरकोळ ८. एकूण ९३ हजार. राहण्याचा खर्च हाऊसबोटीसकट ३३ हजार, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. क्लब देणार होता फक्त खोली. त्याने मात्र ट्रिपचा सगळा खर्च खोलीभाडं समजून दहा वर्षांनी वाढवला. रेल्वे, टॅक्सी, डोसे, चहा, सगळं आम्हालाच भरायचं होतं, क्लबात असो वा नसो.

वार्षिक देखभाल शुल्काचा तर त्या कागदावर उल्लेखच नव्हता. ते ९,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,२१०. जा किंवा नका जाऊ, दरवर्षी भरायचे. १ लाख १० हजारांचे वर्षाचे अकरा हजार आणि हे अकरा, असे बावीस हजार झाले. सहा रात्रींना भागा, एका रात्रीचे ३,७००. मुन्नारला मी एका घरगुती होमस्टेशी बोलून ठेवलं होतं, नाश्त्यासकट २,२०० रुपये रात्रीला. हा भागाकार चौथीतल्या पोराला येतो. त्या हॉलमध्ये मला आला नाही.

पंचाहत्तर हजार डेबिट कार्डाने गेले, पस्तीस हजार क्रेडिट कार्डावर. ‘त्याची ईएमआय करून देतो, जाणवणारही नाही.’ आमचं नाव पुकारलं, फुगा फुटला. गिफ्ट म्हणून कॅसरोलचा संच मिळाला. मोठ्या डब्याचं झाकण बसतच नाही. पोळ्या झाकायला वरून ताटली ठेवावी लागते.

करारनामा चौदा पानांचा, इंग्रजीत. सह्या पाच ठिकाणी केल्या, वाचला गुरुवारी रात्री, मुलं झोपल्यावर. आरक्षण ‘उपलब्धतेनुसार’. दिवाळी, नाताळ आणि मेची सुट्टी वगळून. मागणी ९० दिवस आधी. व्हाउचरवरची रात्र वापरायची तर दर माणशी वेगळं शुल्क. वाद झालाच तर दिल्लीच्या न्यायालयात. आणि नवव्या पानावर, सही केल्यापासून दहा दिवसांत ईमेलने कळवलं तर सदस्यत्व रद्द होऊन पैसे परत, त्यानंतर काहीच नाही. हॉलमध्ये तो मुलगा म्हणाला होता, ‘एक महिन्यात कधीही रद्द करा ताई, माझा शब्द.’

नीट वाचा, आम्ही खरे बुडालो ते ह्या दहा दिवसांत. रविवारी सही केली होती. शुक्रवारी सकाळी मी त्या मुलाला फोन केला, आम्हाला रद्द करायचंय. तो अजिबात चिडला नाही. ‘काही हरकत नाही ताई, सोमवारी सरांना भेटा, समोरासमोर करून टाकू.’ सोमवारी सर रायपूरला. मंगळवारी ‘फॉर्म मुख्य ऑफिसातून मागवलाय’. बुधवारी, म्हणजे दहाव्या दिवशी, ‘उद्या अकरा वाजता नक्की’. गुरुवारी अकराला फोन उचलला तो दुसऱ्याच कोणी. ‘मॅडम, मुदत काल संपली.’ पाच-सहा वेळा फोनवर बोलले, एक ओळ ईमेल केली नाही. भांडण नको म्हणून मी फोनवर गोड बोलत होते, तोही गोड बोलत होता. आवाज चढवला असता तर मी कदाचित लिहिलं असतं.

तर कोणी अशा कागदावर सही करून बसलं असेल तर आज, आत्ता, करारात दिलेल्या पत्त्यावर ईमेल करा. सोबत स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, पावती जपून ठेवा. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेला त्या व्यवहाराबद्दल लेखी तक्रार द्या, तीही लवकर. आम्ही बँकेत गेलो ते जुलैत.

जुलैत गेलो, कारण जुलैत क्लबकडे मुन्नार मागितलं. दिवाळी वर्ज्य. दिवाळीनंतरचा आठवडा मागितला, ‘फुल’. त्याऐवजी ऑगस्टच्या पावसात एका ठिकाणची खोली देऊ केली, मुलांच्या चाचणी परीक्षेच्या आठवड्यात. तेव्हा पहिल्यांदा ह्यांनी फोनवर शिव्या दिल्या. लग्नाला सोळा वर्षं झाली, मी त्या कधी ऐकल्या नव्हत्या.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार सभ्य होते, कागद पूर्ण चाळला. म्हणाले, सही तुमची, पिन तुमचा, करार तुमच्या हातात, हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा. मग १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून क्लबला नोटीस गेली आणि क्लबने करारातलं नववं पान उत्तर म्हणून पाठवलं. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. इथे मला जे कळलं ते आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे दिल्लीच्या कलमाला भिऊन घरी बसायचं कारण नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून भरता येते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. माझ्याकडे हॉलमधला तो उलट्या हाताने लिहिलेला कागद आहे. मुलाने घडी घालून खिशात टाकायच्या आत ह्यांनी तो मागून घेतला होता, ‘हिशेब घरी दाखवतो’ म्हणून. तक्रारीला जोडलेला सगळ्यात कामाचा कागद तोच, असं तिथे भेटलेल्या एका ज्येष्ठ वकिलांनी सांगितलं.

पस्तीस हजारांची ईएमआय झाली महिन्याला ३,१५९ रुपये, वर व्याजावरचा जीएसटी. बारा महिने. आरडीचे तीन हजार जिथून जायचे तिथूनच हे जातात, त्यामुळे घरखर्चात खरंच काही जाणवत नाही. तेवढं तो मुलगा खरं बोलला.

दिवाळीत भाऊबीज झाल्यावर रामटेकला जाऊन आलो, एसटीने. सासूबाई शहात्तरच्या, त्यांना तिकीट नाही. माझं आणि मुलीचं अर्धं, मुलगा दहाचा म्हणून त्याचंही अर्धं. पूर्ण तिकीट फक्त ह्यांचं. गडावर मुलाने विचारलं, हाऊसबोटीत पंखा असतो की एसी? कोणीच काही बोललं नाही. सासूबाईंनी त्याच्या हातावर चिवडा ठेवला.

डिसेंबरात एक नवा फोन आला. बोलणारा हिंदीत, फार अदबीने. आमचा सदस्यत्व क्रमांक त्याने आधी वाचून दाखवला, म्हणजे विश्वास बसावा. तुमचं सदस्यत्व पुन्हा विकून देतो, सव्वा लाख मिळतील, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त जीएसटी आणि कागदपत्रांचे ८,४०० रुपये आधी भरा. मी वही उघडली, पेन घेतलं आणि म्हटलं, ‘भाऊ, सव्वा लाखातून ८,४०० कापून घ्या अन् उरलेले १ लाख १६ हजार ६०० माझ्या खात्यात टाका.’ तो म्हणाला, असं सिस्टीममध्ये होत नाही. मी म्हटलं, मग सिस्टीम बदलल्यावर करा फोन. त्याने ठेवला.

आमचा क्रमांक त्याच्यापर्यंत कसा पोचला, हा प्रश्न मी फोनच्या तारखेसकट आयोगाकडे लेखी दिला आहे. पुढची तारीख फेब्रुवारीत आहे.