एमएसआय बी६५० टोमाहॉक वायफाय : दिवाळी ते पावसाळा, मधल्या नागपुरी उन्हाळ्यासकट

मदरबोर्डचे रिव्ह्यू एसी लावलेल्या खोलीत होतात. चाचणीच्या वेळी खोलीचं तापमान २०-२२ अंश असतं. बोर्डाचा एखादा भाग खोलीपेक्षा ३० अंशांनी जास्त तापत असेल तर त्या तक्त्यात तो ५२ दिसतो, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता, वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत तोच भाग सत्तरीला टेकतो. म्हणून ओव्हरक्लॉकिंगला (प्रोसेसर-रॅम ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला) चांगला बोर्ड कोणता, याचं उत्तर मी यूट्यूबवरून घेत नाही. थंडीत बसवलेलं सेटिंग उन्हाळ्यात जसंच्या तसं चालतं का, हे बघतो. दिवाळीच्या सुमारास हा बोर्ड घेतला, आता पाऊस लागलाय, तेव्हा बोलायला हरकत नाही.

मशीन साधंच आहे. रायझन ५ ७६००, डीडीआर५-६००० सीएल३० रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिक (चिप हायनिक्सच्या), आरएक्स ६७०० एक्सटी कार्ड, एअर कूलर आणि समोर जाळी असलेलं कॅबिनेट. या प्रोसेसरला एवढा बोर्ड कशाला, असं दुकानदारानंही विचारलं होतं. प्रश्न रास्त होता.

आधीचा बोर्ड कोणत्या कंपनीचा होता ते सोडून देऊ. स्वस्तातला होता, व्हीआरएमवर (प्रोसेसरला हवं ते व्होल्टेज करून देणारा बोर्डावरचा भाग) हीटसिंकच (उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा) नव्हता. उन्हाळ्यात अर्धा तास गेम चालला की प्रोसेसरचा क्लॉक (चालण्याचा वेग) धाडकन खाली यायचा आणि चालू मॅचमध्ये चित्र अडखळायचं. तापमान बघावं तर सीपीयू थंडच, कारण तापत होता तो शेजारचा व्हीआरएम. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी आरजीबी (रंगीत दिवे) नसेल तरी चालेल, हीटसिंक मात्र भरपूर अॅल्युमिनियमचा पाहिजे.

आधी चिपसेटचं (बोर्डावर काय-काय जमतं ते ठरवणारी चिप) बोलू, कारण पुष्कळांचे पैसे इथंच चुकीच्या जागी जातात. एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो ती जागा) ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, रॅमचा वेग तेवढा वाढवता येतो. बी६५० वर दोन्ही होतं, त्यामुळे फक्त ओव्हरक्लॉकिंगसाठी एक्स६७० घ्यायचं काही कारण नाही. तिथं जास्तीचे पैसे पोर्ट आणि पीसीआय लेनसाठी (कार्ड-एसएसडीकडे डेटा नेणाऱ्या वाटा) जातात. इंटेलचं गणित वेगळं. बी७६० वर रॅम पळवता येते, पण प्रोसेसरचा मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा आकडा) वाढवायचा तर झेड मालिकेचा बोर्ड आणि के अक्षराचा प्रोसेसर, दोन्ही घ्यावे लागतात. तिथंच माझं बजेट एएमडीकडे वळलं.

आता व्हीआरएम. खोक्यावर १४+२+१ फेज (भार वाटून घेणाऱ्या शाखा) आणि ८० अँपिअरच्या पॉवर स्टेज असं लिहिलंय. ७६०० जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो. सव्वा व्होल्टच्या हिशोबानं ते सत्तर अँपिअर झाले. बोर्ड कागदावर हजाराच्या वर अँपिअर देऊ शकतो. म्हणजे फेज मोजून बोर्ड निवडणं हा या वर्गातल्या प्रोसेसरसाठी निव्वळ टाइमपास आहे. निम्म्या फेजच्या बोर्डालाही घाम फुटणार नाही. मग जास्त पैसे देऊन मिळालं काय? प्रत्येक फेजवर भार नगण्य, त्यामुळे उष्णता कमी, आणि जी होते ती पसरवायला दोन जाडजूड हीटसिंक. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एमओएस’ नावाचा आकडा दिसतो तो व्हीआरएमचा. जानेवारीत गेम चालू असताना तो चाळिशीत असायचा. मे महिन्यात, खोलीत ३९ अंश असताना, साठीच्या थोडा पुढे गेला आणि तिथंच थांबला. हे भाग शंभरीच्या वर तग धरायला बनवलेले असतात. क्लॉक एकदाही व्हीआरएममुळे पडला नाही. पुढेमागे १२ किंवा १६ कोरचा प्रोसेसर टाकायचा झाला तर (मोठे २३० वॉटपर्यंत जातात) बोर्ड बदलावा लागणार नाही, हा दुसरा फायदा. एएमडीनं एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू असं जाहीर केलंय, त्यामुळे हा विचार अगदीच हवेतला नाही.

पण खरं सांगायचं तर आजच्या काळात प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग उरलंय कुठं? कंपनीनंच तो कडेपर्यंत ताणून दिलेला असतो. हातात राहते ती रॅम, आणि व्होल्टेज कमी करण्याची करामत. बोर्डाची परीक्षा याच दोन ठिकाणी होते.

रॅमचं आधी. नवीन मशीन जोडल्यावर ६००० ची रॅम निमूटपणे ४८०० वर चालत असते. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगचा मेनू) जाऊन एक्स्पो (रॅमचं तयार वेगवान सेटिंग) चालू केल्याशिवाय ती पूर्ण वेगानं चालत नाही. माझ्या ओळखीतले दोघे पैसे मोजून घेतलेली रॅम कित्येक महिने अशीच वापरत होते. या बोर्डावर एक्स्पो पहिल्याच फटक्यात चाललं. मात्र एक्स्पो लावल्यावर बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारं) आपल्या मनानं वर नेतो, ते मी हातानं १.२० व्होल्टवर आणून ठेवलं. २०२३ मध्ये काही एक्स३डी (जास्त कॅशवाले) प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले होते तेव्हा याच व्होल्टेजवर बोट ठेवलं गेलं आणि एएमडीनं १.३ व्होल्टची मर्यादा घातली. मर्यादा आहे म्हणून तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही. ६००० ला १.२० पुरतं.

चार स्टिक टाकायच्या भानगडीत पडू नका. चारही स्लॉट भरले की एएमडीची अधिकृत हमी ३६०० पर्यंत उतरते. ६४ जीबी हवी तर ३२ च्या दोन घ्या.

पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन बराच वेळ काळी राहते. घाबरून बटण दाबू नका. डीडीआर५ ची मेमरी ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ती) चालू असते, बोर्डावरचा डीरॅमचा छोटा दिवा पेटलेला दिसतो. रोजच्या बूटला हा वेळ नको असेल तर मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (ही जुळणी लक्षात ठेवणारं सेटिंग) चालू करायचं, आणि त्यासोबत पॉवर डाऊनसुद्धा (रॅमची वीज वाचवणारं). एक चालू आणि दुसरं बंद ठेवलं की मशीन कधीमधी निळी स्क्रीन दाखवतं.

मग प्रोसेसर. पीबीओ (एएमडीची ओव्हरक्लॉकिंगची सोय) चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (तिथं कोरचं व्होल्टेज कमी करता येतं) सगळ्या कोरना उणे ३० दिलं. सिनेबेंच (सगळ्या कोरना राबवणारी चाचणी) दहा वेळा लावा, पास. तासभर सायबरपंक, पास. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राउझरमध्ये पेपर वाचत असताना मशीन गप्पकन रीस्टार्ट. पूर्ण भारावर क्लॉक थोडा खाली असतो, तिथं व्होल्टेजची कमतरता कळत नाही. हलक्या कामात एखादाच कोर एकदम टोकाच्या क्लॉकला उडी मारतो आणि तिथं ते व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून कर्व्ह ऑप्टिमायझरची चाचणी सिनेबेंचनं होत नाही. कोअरसायकलर नावाची छोटी स्क्रिप्ट एकेक कोर पकडून चालवते, ती रात्रभर लावून ठेवायची. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया लॉगर’ची (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची) नोंद सापडली की त्यातल्या आकड्यावरून दोषी कोरही कळतो. माझा एक कोर नाजूक निघाला. त्याला उणे १० आणि बाकीच्यांना उणे २० दिल्यावर मशीन शांत झालं. प्रत्येक कोरला वेगळा आकडा देण्याची सोय या बायोसमध्ये व्यवस्थित आहे, दोन मेनू आत गेलं की सापडते.

याचा गेममध्ये फायदा किती? प्रोसेसरच्या करामतीनं फारसा नाही, दोन-चार एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं). तापमान मात्र चांगलं सहा-सात अंशांनी उतरलं आणि पंख्याचा आवाज गेला. रॅम ४८०० वरून ६००० ला नेल्यावर काउंटर-स्ट्राइक २ मध्ये फरक सरळ जाणवतो, विशेषतः धुराचे गोळे फुटतात तेव्हाचे बारीक झटके कमी होतात.

आणि मग आला एप्रिल. रॅमच्या टायमिंगमध्ये (तिच्या कामांमधले ठरलेले वेळ) टीआरईएफआय हा आकडा वाढवला की रॅम रिफ्रेश व्हायला (विद्युतभार पुन्हा भरून घ्यायला) कमी वेळा थांबते आणि वेग मिळतो. मी तो कमाल, म्हणजे ६५५३५ वर ठेवला होता. हिवाळ्यात टेस्टमेम५ ही रॅमची चाचणी रात्रभर स्वच्छ चालायची. एप्रिलअखेरीस तेच सेटिंग, तीच चाचणी, आणि विसाव्या मिनिटाला चुका. रॅमचं तापमान बघितलं तर ६१ अंश. डीडीआर५ च्या प्रत्येक स्टिकवर व्होल्टेजची चिप असते, ती स्वतः तापते, वरून ग्राफिक्स कार्डाची दोनशे वॉटची गरम हवा थेट तिच्यावर. रॅम जितकी गरम तितका तिच्यातला विद्युतभार लवकर गळतो, म्हणजे रिफ्रेश जास्त वेळा लागतो, आणि आपण तर तो कमी करून ठेवलेला. आकडा ३२७६८ वर आणला, मागचा पंखा थोडा वेगात ठेवला, चुका बंद. बोर्डाचा यात काही संबंध नाही, पण ‘माझा बोर्ड उन्हाळ्यात अनस्टेबल होतो’ म्हणणाऱ्यांनी आधी हा आकडा तपासावा. टायमिंग बसवायचेच असतील तर मे महिन्यात बसवा. मे मध्ये टिकलं ते डिसेंबरात टिकतंच.

खोलीतल्या वाळ्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर सरळ येऊ देऊ नका. गारवा मिळतो, पण ओलसर हवा आणि धूळ मिळून समोरच्या जाळीवर असा थर बसतो की आठवड्यात हवा अडते. ब्रशनं निघत नाही, जाळी काढून धुवावी लागते.

बायोसबद्दल दोन गोष्टी. मागच्या बाजूला फ्लॅश बायोसचं बटण आहे. प्रोसेसर, रॅम काही न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस टाकता येतं, फाइलचं नाव तेवढं बदलून ‘एमएसआय डॉट रॉम’ करायचं. नवा प्रोसेसर आणि जुन्या साठ्यातला बोर्ड अशी जोडी पडली तर हे बटण वाचवतं. दुसरं म्हणजे, बायोस अपडेट केलं की सेव्ह केलेली ओव्हरक्लॉक प्रोफाइल बहुधा कामाची राहत नाहीत. अपडेटच्या आधी प्रत्येक पानावर एफ१२ दाबून स्क्रीनशॉट पेनड्राइव्हवर घ्यायचे. आणि पावसाळ्याच्या तोंडावर वादळात लाइट जाते त्या दिवसांत यूपीएसशिवाय अपडेटला हात लावायचा नाही.

काय नाही ते पण सांगतो. दोन अंकी एरर कोड दाखवणारा डिस्प्ले नाही, चार दिव्यांवर भागवावं लागतं. रॅमशी रोज खेळणाऱ्याला तो कोड फार उपयोगी पडतो. तिसऱ्या एम.२ (एसएसडी बसवायच्या) स्लॉटला दोनच लेन आहेत, तिथं वेगवान एसएसडी लावून उपयोग नाही. गेम साठवायला ठीक. ग्राफिक्सचा स्लॉट जेन ४ (पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीचा) आहे, आजच्या मधल्या वर्गातल्या कार्डांना त्यानं काही बिघडत नाही.

७६०० लावून फक्त एक्स्पो चालू करायचं आणि बायोसकडे पुन्हा फिरकायचं नाही, असा बेत असेल तर हा बोर्ड घेऊ नका. हीटसिंक असलेला साधा, छोट्या आकाराचा बी६५०एम घ्या आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात टाका, एफपीएस तिथून येतात. आठ कोरच्या वर जायचं असेल, किंवा घरात एसी नसेल आणि मशीन दुपारी तासन्‌तास चालणार असेल, तर टोमाहॉकचे पैसे वसूल आहेत.

नागपूरच्या सीताबर्डीत घ्या की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, काउंटरवरच खोकं उघडून सॉकेटचं प्लास्टिकचं झाकण उचला आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये पिना बघा. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात, आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. टॉर्च तिरका धरला की सगळ्या पिना एकसारख्या चमकतात. एखादी वेगळी चमकली तर तो पीस परत द्या, दुकानदार काही म्हणो. बिल आणि सॉकेटचा फोटो तिथंच काढून ठेवा.