एफटीपी २२८ की २४०? कोणता आकडा धरायचा

झ्विफ्ट (घरात ट्रेनर नावाच्या स्टँडवर सायकल चालवायचं ॲप) २४० म्हणतं, वीस मिनिटांची टेस्ट २२८ म्हणते, राइडचं विश्लेषण करणारी साइट इंटरव्हल्स डॉट आयसीयू तिसराच आकडा दाखवतं आणि मनगटावरचं गार्मिन चौथा. एफटीपी म्हणजे ढोबळमानाने सायकलवर तासभर टिकेल एवढी पॉवर, वॅटमध्ये. पण यातलं कुणीच तुम्हाला तासभर दामटून बघत नाही. थोड्या मिनिटांवरून तासाचा अंदाज बांधतात, आणि प्रत्येकाची मिनिटं वेगळी.

रॅम्प टेस्ट सगळ्यात सोयीची. दर मिनिटाला भार वाढतो (झ्विफ्टवर २० वॅटने), पाय थांबले की संपली. सर्वोत्तम एका मिनिटाचे ७५ टक्के धरायचे. ३२० चं मिनिट निघालं तर २४०. पण हे ७५ टक्के सरासरी माणसाचे. स्प्रिंट मारणारा गडी शेवटची दोन-तीन मिनिटं नुसत्या जोरावर खेचतो आणि आकडा फुगतो. बीआरएमच्या (ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या) लांब राइड एका लयीत करणाऱ्यांना हीच टेस्ट कमी दाखवते.

वीस मिनिटांच्या टेस्टमध्ये सरासरीचे ९५ टक्के घेतात: २४० चे २२८. मूळ पद्धतीत आधी पाच मिनिटं जीव तोडून चालवायची असतात, म्हणजे पायातला वरचा जोर उतरतो. ती पाच मिनिटं बहुतेक जण गाळतात आणि ९५ टक्के मात्र इमानेइतबारे लावतात! सोलापुरात दुसरी अडचण रस्त्याची. सलग वीस मिनिटं ब्रेक न लावता हवी असतील तर उजाडायच्या आत तुळजापूर किंवा अक्कलकोट रस्त्याला लागायचं. सात रस्त्याच्या आसपास सिग्नल आणि रिक्षा तुमची सरासरी खातात. सपाटीवर पॉवर एकसारखी ठेवणं चढापेक्षा अवघड, तेव्हा थोडा समोरून वारा असेल तर बरंच.

क्रिटिकल पॉवर, म्हणजे दोन टेस्टमधल्या कामाच्या फरकावरून काढलेली बराच वेळ टिकणारी पॉवर, मला जास्त प्रामाणिक वाटते. वेगवेगळ्या दिवशी ३ आणि १२ मिनिटं पूर्ण ताकदीने चालवायची. समजा ३०० आणि २५२ वॅट आले. काम (वॅट गुणिले सेकंद) झालं ५४,००० आणि १,८१,४४० ज्यूल. फरक १,२७,४४०, त्याला मधल्या ५४० सेकंदांनी भागलं की २३६ वॅट. ही सहसा एफटीपीपेक्षा थोडी वर बसते, म्हणजे २२८ शी तिचं जमतं.

ॲप आपोआप काढतं तो आकडा तुम्ही काय चालवलंत त्यावरच उभा असतो. महिनाभर गप्पा मारत राइड केल्या तर इंटरव्हल्स डॉट आयसीयूचा अंदाज खाली सरकतो. पॉवर मीटरने (पायाचा जोर वॅटमध्ये मोजणाऱ्या यंत्राने) मध्येच खोटी उसळी नोंदवली तर वर उडतो. आधी ती उसळी फाइलमधून काढा. गार्मिन हृदयाचे ठोकेही हिशोबात घेतं. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना त्याच पॉवरला ठोके जास्त पडतात, आणि अंदाज बिघडायला तेवढं पुरतं. उन्हाळ्यात बंद खोलीत, समोर पंखा नसताना केलेली कुठलीही टेस्ट मी धरत नाही. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत करा, किंवा पहाटे.

आणि मीटर एकच ठेवा. घरी ट्रेनरचा, बाहेर पेडलचा असे दोन स्रोत असतील तर काही वॅटचा फरक राहणारच. फक्त डाव्या पायाचा मीटर तर डावा आकडा दुप्पट करून दाखवतो. सायकल खोलीतून उन्हात नेली की पुन्हा शून्य करून घ्या.

वरच्या उदाहरणात मी सरावासाठी ॲपमध्ये २२८ भरेन. मग त्याच आठवड्यात २२८ वर दोनदा वीस मिनिटं, मध्ये पाच-दहा मिनिटांची विश्रांती. दुसऱ्या खेपेला दहाव्या मिनिटालाच पॉवर पडली तर आकडा पाच वॅटने उतरवायचा. दोन्ही खेपा निघाल्या आणि शेवटी तुटक का होईना बोलता आलं, तर पाचने वाढवायचा. २४० भरून बसलेल्याचे इंटरव्हल (असे ठरल्या पॉवरचे तुकडे) मात्र दर मंगळवारी अर्धवट सुटतात, आणि तो दोष झोपेला देत राहतो.