कथा टाईप करून घ्यायला सांगलीत गणपती मंदिराजवळचं छोटं डीटीपीचं दुकान

मी 12 वर्षं कथा लिहितोय, अजून हातानेच, आणि माझं अक्षर वाचू शकणारं हे एकच दुकान मला सापडलंय. 2019 च्या पुरात, आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा, माझ्या दोन वह्या भिजल्या, शाई पसरली, कितीतरी ओळी नुसते निळे डाग. दुकानातल्या ताईंनी ती पानं खिडकीशी धरून धरून वाचली आणि जिथं लागेना तिथं फोन, काका इथं 'विहीर' आहे का 'वहिनी'? अंदाजाने एक शब्द घातला नाही हो त्यांनी, हे मी कधीच विसरणार नाही.

दिवाळी अंकांना कथा जुलै-ऑगस्टपर्यंत पाठवावी लागते, कुणाला युनिकोड पाहिजे कुणाला श्रीलिपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मराठी टाईप करायच्या दोन वेगळ्या पद्धती, आणि एकातून दुसऱ्यात नेलं की जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडेच जातो. ताई सगळं परत तपासून देतात. पानाला 25 रुपये, मला परवडतं, कारण कथा छापून आली तरी मानधन येईलच असं नसतं, एका अंकाचं तर तीन वर्षं झाली येतंय येतंय चाललंय.

गेल्या वर्षी चार ठिकाणहून नकार आला, लिहिणं बंदच केलेलं. ताईंनीच विचारलं, त्या विहिरीच्या कथेचं पुढं काय झालं? त्याच रात्री परत बसलो.

एक सांगतो, जुलैमध्ये गर्दी फार असते, आठवडाभर आधी वही नेऊन द्या. रविवारी बंद.